तारवाल्या बाई

आनंद झाला की आमच्या बाई आधी संशय घ्यायच्या, आणि तोही स्वतःचाच. तुळजापूरच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. काही चांगलं हाती लागलं की पदराने चष्मा पुसत म्हणायच्या, "आपलं कुठं चुकलं ते बघा आधी." मग डबे तसेच राहायचे आणि आम्ही चूक शोधत बसायचो.

त्यांचा सगळा जीव एका तारेत अडकला होता. केसाहून बारीक तार, तिला टांगलेला छोटा दांडा, आणि तो किती वळला हे लेझरने मोजायचं. शोध कशाचा, तर विश्वात असतील असा नुसता अंदाज असलेल्या अगदी हलक्या, अदृश्य कणांचा. "लाजरी पोरं हायती ती," बाई सांगायच्या. "कुणाशी बोलत न्हायती. पण जवळनं गेली तर जरासा धक्का लागंलच की."

तुळजापुरात भाविकांच्या बसगाड्यांनी जमीन हलते, म्हणून बाईंनी तार नेली अणदूरला, भावाच्या शेतातल्या तळघरात. गावाने त्यांना तारवाल्या बाई करून टाकलं. म्हातारी माणसं विचारायची, "गावलं का वो, बाई?" "न्हाय अजून," बाई मोठ्या खुशीत सांगायच्या.

निवृत्ती जवळ आली आणि ते दिसलं. दांड्याची थरथर दरवर्षी ठरावीक काळात कमी व्हायची, मग पुन्हा वाढायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा या कणांचा मारा वर्षभरात कमीजास्त होणार, अशीच तर आमची अपेक्षा होती. मी नाचायचीच तेवढी बाकी होते. माझी पीएच.डी., बाईंचं आयुष्य, सगळं त्या आलेखात होतं. बाईंनी पदराने दोनदा चष्मा पुसला.

त्याच आठवड्यात अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला निघाला. वर्षातला काही काळ देव तिकडे मुक्कामाला असतो. मूर्ती एकच, दोन गावांची. बाई दरवर्षी रजा टाकून त्याला निरोप द्यायच्या. कपाळावर भंडारा लावून त्या परतल्या आणि तारखांवरून बोट फिरवत आलेखासमोर बसल्या.

"थरथर कमी होती, तवा देव कुठं असतोय गं?"

मी चिडलेच. "बाई, देवाचा इथं काय संबंध?"

"देव नळदुर्गात, म्हंजे रविवारच्या गाड्या बी नळदुर्गात. हितली जमीन गप."

देव परत आल्यावर बाई घरोघर हिंडल्या, रविवारी गाड्या गावाबाहेर थांबवा म्हणून. गावाने त्यांचा शब्द राखला. काही रविवार गाड्या ओढ्यापलीकडे थांबल्या, भाविक चालत आले, आणि तार शांत राहिली. आमचे कण गेले.

मी रडले. बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लई वाटलं हुतं गं, ह्या वेळी हाय म्हणून." एवढंच. मग गाड्यांचा धक्का वजा करून आम्ही सगळं नव्याने मोजलं आणि काही सापडलं नाही असं लिहून पाठवलं. माझी पीएच.डी. त्यावरच झाली. "एवढा मोठा धक्का तरी न्हाय, हे ठावं झालं," बाई म्हणाल्या. "फुडच्यांनी अजून बारीक बघावं."

बाई गेल्या वर्षी वारल्या. इतकं खरं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. मी आता परक्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत तेच कण शोधते. परवा आलेखावर एक उंचवटा आला. सगळे खुर्च्यांवरून उठले, टाळ्या पडल्या. माझ्या तोंडून मात्र आपसूक निघालं, "देव कुठं हाय आज?"

कुणाला काही कळलं नाही. मी चष्मा पुसला आणि चूक शोधायला बसले.