हळद-मीठ लावलेली मरळ

लढाईच्या दिवसांत मी सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. त्या उन्हाळ्यात कृष्णा आटली आणि मरळ माशांच्या अंगावर लाल, सुजलेले चट्टे उठले. त्या सुजेत काय चाललंय हे मला शोधायचं होतं. ताज्या मांसात एक एन्झाइम असतं. त्यावर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो. सुजलेल्या तुकड्याला निरोगी तुकड्यापेक्षा जास्त फेस येतो का, एवढाच माझा प्रश्न. मुलीनं मासे कापणं सरांना मुळातच पसंत नव्हतं. "सोमवारपर्यंत आकडे जुळले नाहीत, तर विषय सोडा," त्यांनी बजावलं.

मी हट्टी, पण फेस माझ्याहून हट्टी निघाला. कधी नळीभर यायचा, कधी नावालाही नाही. चार दिवस मी स्वतःलाच दोष दिला. नळ्या घासून घासून बोटं सोलली. पाचव्या दिवशी मात्र रागानं उठले आणि मला मासे आणून देणाऱ्या भोईणमावशीच्या दारातच जाऊन उभी राहिले.

मावशी माझ्याच मरळीला मूठभर हळद-मीठ चोळत बसली होती.

"मावशी, हे काय?"

"आवं ताई, रातीची धरल्याली हाय. तशीच दिली तर कुजंल की. तुमी वरणभात खाणारी मानसं, वास सोसायचा न्हाई तुमास्नी. देताना धुऊन देते न्हवं?"

मी कपाळावर हात मारला. मिठानं ते एन्झाइम कुठं मरत होतं, कुठं उरत होतं; माझ्या प्रयोगाचं पार वाटोळं झालं होतं. मांसावरची पिवळी झाक मी रोज पाहत होते, ती मला मरळीचाच रंग वाटे. आमच्या वाईच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नव्हता, मला काय कळणार? मावशीचा मला राग आला नाही. स्वतःचा मात्र भयंकर आला.

"उद्यापासनं जित्ती द्या," मी म्हटलं. "मी नदीवरच कापीन."

"तुमी मारणार?" मावशी हसली. पण डोक्यावर नेमका कुठं घाव घालायचा, ते तिनंच शिकवलं.

पहिली मरळ मारताना मी रडले. नळ्या वाळूत रोवल्या, पेरॉक्साइड ओतलं. सुजलेल्या तुकड्याचा फेस निरोगी तुकड्यापेक्षा बोटभर वर चढला. दुसऱ्या माशाचाही तसाच, तिसऱ्याचाही. रविवारपर्यंत वहीतला एकही आकडा हलला नाही.

सोमवारी सर घाटावर आले. वही नीट वाचून म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखवा."

मी पाटीतून मरळ उचलली. एका घावात काम झालं, तुकडे सारखे पडले, फेस हवा तिथंच चढला. सर खाली वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "विषय तुमचा."

विषय मी जिंकला होता. पण या वेळी मरळ मारताना मला रडू आलं नव्हतं, आणि ते सरांना सांगण्यासारखंही नव्हतं.