व्याही, गाडी आणि गाडगंभर दही

आमच्या व्याह्यांएवढी गाडीच्या बुडाची काळजी करणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाला नाही आणि होणारही नाही. आणि मी माझ्या व्याह्याला जे बोललो, ते या दोन जिल्ह्यांत कुणी आपल्या व्याह्याला बोललं नसेल. पहिली गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून ती आधी सांगतो.

लोक मुलगी बघायला येतात तेव्हा घर बघतात, विहीर बघतात, ऊस किती एकर ते आडून आडून विचारतात. हे रहिमतपूरहून आले, ओट्यावर बसून पाणी प्याले आणि दिसेनासे झाले. पोहे निवले. लेक साडी नेसून आत ताटकळली. नवरा मुलगा मान खाली घालून बसलेला, कारण बाप कुठं असणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी मी बाहेर जाऊन बघतो तर आमच्या छोट्या गाडीखालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले. म्हटलं, "पाव्हणं, काय पडलं का तुमचं?" खालून आवाज आला, "पडलं न्हाई, पडायला आलंय. ह्यो डाव्या अंगाचा बुश कवा बदललाय?" मी म्हटलं, बुश म्हंजी काय तेच मला ठावं न्हाई. मग ते सरपटत बाहेर आले, कोपराचं ग्रीस पायजम्याला पुसलं आणि आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मानसं साधी हायती. पोरगी पसंत." पोरीचं तोंड त्यांनी त्यानंतर बघितलं.

फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून ते हवालदार म्हणून घरी आले, पण त्यांचे हात काही पेन्शनीत निघाले नाहीत. कुठलीही उभी गाडी दिसली की तिच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकायचे, अंगाचा भार देऊन ती खाली दाबायची आणि एकदम सोडायची. गाडी वर येऊन गप राहिली तर म्हणायचे, "जित्ती हाय." दोनतीनदा हिंदकळली तर घरातलं माणूस गेल्यासारखी मान हलवायचे, "शॉकअप मेलं हिचं." लेकीच्या लग्नाला एक मोठे साहेब आले होते, त्यांची गाडी यांनी अशी दाबली की तिचा भोंगाच सुरू झाला, आणि तोही ऐन मंगलाष्टकात. भटजी थांबले, साहेब धावत आले, तर हे साहेबांनाच दरडावतात, "मागलं उजवं गेलंय तुमचं. असं फिरू नका." माणसांकडंही त्यांची नजर तशीच. माझा चुलतभाऊ लंगडत आला की हळूच माझ्या कानात, "ह्यांचा लिंक रॉड वाजाय लागलाय बगा." गाडीचा टायर आतल्या बाजूनं झिजलेला दिसला की तिचा मालक आतल्या गाठीचा, असं ते ठरवून टाकायचे, आणि मला सांगायला लाज वाटते, पण ते बहुतेक खरं निघायचं.

रहिमतपूरपासून कडेगावच्या अलीकडं आमच्या गावापर्यंत रस्त्यावर गावोगावच्या लोकांनी आपापल्या मर्जीनं गतिरोधक घातलेत. त्या प्रत्येकाला व्याह्यांनी नाव ठेवलेलं. शाळेपुढचा उंच तो थोरली सासू. डेअरीपुढचे लागोपाठचे तीन त्या तिघी जावा. एक होता रंग न मारलेला, झाडाच्या सावलीत दबा धरून बसलेला, त्याला ते चुलता म्हणायचे. का, ते त्यांना आणि त्यांच्या चुलत्यालाच ठाऊक.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी माझ्या गाडीला हात घातला. "इवाय, तुमची गाडी वळनावर झोपती. चार दिस माझ्याकडं द्या." मला द्यायची नव्हती. चालू गाडी कोण उघडतं? पण मुलीच्या बापानं व्याह्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? चार दिवसांचे अकरा झाले. गाडी आली ती दोन बोटं खाली बसलेली. जुन्या स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठ स्प्रिंगा घातलेल्या, चारी शॉकअप नवे, आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा बदलून अंगठ्याएवढा जाड टाकलेला. शेजारी बसून म्हणाले, "घाला आता घाटात." सुरलीच्या घाटात घातली. आधी ती वळणावर अशी कलायची की दाराकडचा माणूस मांडीवर यायचा. आता रस्त्याला गोचिडीसारखी चिकटून गेली. खड्ड्यात मात्र दात वाजले. मी त्यावरून बोलणार तेवढ्यात मागून हसू ऐकू आलं. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, जन्मात कधी कोरड्या तोंडानं घाट उतरली नव्हती. लिंबू हुंगत, पदर तोंडाला लावून, दोनदा गाडी थांबवून ती उतरायची. त्या दिवशी लिंबू तसंच हातात राहिलं. घरी जाऊन तिनं त्याचं सरबत केलं आणि पहिला पेला व्याह्यांपुढं धरला. "पाव्हणं, काय जादू केलासा?" व्याही लाजले. "जादू न्हाई विहीनबाई, झोका काढला निस्ता."

तेव्हापासून मंडळी दर महिन्याला लेकीकडं जायचं म्हणायला लागली. व्याही तिला गाडीचं काय काय समजावून सांगायचे, पोळपाट उलटा ठेवून त्यावर लाटणं आडवं धरून, आणि ती चौकसपणे विचारायची. मला कधी तिनं उसाचा भाव विचारला नाही. मी ओट्यावर तंबाखू मळत बसायचो आणि म्हणायचो, दोघंही येडी हायती.

गेल्या साली तिच्या मणक्याला दुखणं लागलं. हाडातलं, आतून आलेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उपाय थोडा आहे आणि दिवसही थोडे आहेत. पलूसवरून तिला न्यायचो, आणायचो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली, आणि ती ताठ गाडी एकूण एक खड्डा उचलून तिच्या पाठीत घालायची. ती ओरडायची नाही. पदराचं टोक चावत बसायची. मला आरशात दिसायचं. त्याच दिवसांत लेकीनं रहिमतपुरात नवं घर बांधलं, आणि मंडळीनं एकच धरलं, "मला एकदा लेकीच्या घरात न्या. तितं तिची ओटी भरती, मग कुटंबी न्या." खण, नारळ, तांदूळ एका पिशवीत घालून ती पिशवी उशाशी ठेवली. मी एकाची मोठी, मऊ गाडी मागून आणली. ती गाडी अशी झुलायची की गावाची शीव ओलांडायच्या आत हिला उलटी झाली, आणि उलटीच्या हिसक्यानं पाठ अशी धरली की तिथूनच माघारी फिरलो.

व्याह्यांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी हजर. "इवाय, गाडी द्या. झोका बी न्हाई आन धक्का बी न्हाई, अशी करतो." शेजारच्या बायकांनी चहा आणून ठेवला होता. आणि मी म्हणालो, "तुमच्याच स्प्रिंगांनी तिची पाठ मोडली. उरलीसुरली बी मोडायचीय व्हय?" हे खोटं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. पण दुखण्याला शिव्या देता येत नव्हत्या आणि व्याही समोर उभे होते. ते गेले. चहा तसाच राहिला. आतून मंडळी म्हणाली, "काय बोललासा ह्ये तुमी? बोलवा त्यास्नी माघारी." मी बोलावलं नाही.

पंधरा दिवसांनी गावात कुजबुज उठली. डेअरीला दूध घालणाऱ्या एकानं मला येऊन सांगितलं, "तुमचं इवाय शिवंवर येत्यात. गाडी थांबवत्यात, मागनं गाडगं काढत्यात, झाकन उघडून बगत्यात, आन दही झाडाच्या बुडात वतून माघारी जात्यात." एकदा नाही, दिवसाआड. आमच्याकडं शिवेवर दही सांडतात ते उतारा टाकायला, एका घरची पीडा दुसऱ्याच्या वाटेवर सोडायला. एरवी मी असल्या गोष्टींना हिंग लावून विचारत नाही. पण घरात माणूस पडलेलं असलं की डोकं आपलं राहत नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, "तुझ्याच इवायाचं दही, आन तुझीच बायको आंथरुनात. बग बाबा." आणि मी बघायला निघालो.

सकाळचं ऊन होतं. व्याह्यांची गाडी, आमची बघून घेतलेली तसलीच छोटी, शिवेवर उभी. त्यांनी नुकतंच झाकण उघडलेलं. मला बघून ते हसले. ते हसणं मला अजून दिसतं. गाडगं दोन्ही हातांनी पुढं धरून म्हणाले, "या या इवाय, ह्ये बगा तरी!" मी बघितलं. पांढरं, कवडीदार दही, कुठं चीर नाही, पाण्याचा टिपूस नाही. बघितलं आणि ओरडलो, "माझ्या घरावर करनी करतुयास व्हय रं? बायकू मराय टेकलीया माझी, आन तू दही सांडतुयास?"

रं म्हणालो मी. लेकीच्या सासऱ्याला. चार माणसं ऐकत होती. त्यांचं हसू मिटलं. त्यांनी झाकण ठेवलं, गाडगं मागच्या डाव्या सीटवर ठेवून पट्ट्यानं बांधलं, लहान पोराला बांधावं तसं. एवढंच म्हणाले, "विहीनबाईस्नी जपा," आणि गाडी वळवली.

नवव्या दिवशी मंडळी गेली. पिशवी उशाशीच होती. व्याही मातीला आले, लांब उभे राहिले. मीही खाली बघत राहिलो.

तेराव्यानंतर लेक माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आबा, एक सांगू का? मामंजी सांजचं सोता दही लावायचं. सकाळी आईच्या जागंवर गाडगं बांधून तुमच्या शिवंपातूर यायचं. दही मोडलं, पानी सुटलं, की म्हनायचं, अजून विहीनबाईस्नी बसवता याची न्हाई. घरी येऊन पुन्ना स्प्रिंगा खोलायचं. धक्का घालवला की झोका यायचा, झोका घालवला की धक्का. पंधरा-वीस दिस ह्येच चाललं हुतं." मी विचारलं, "मग घरला का आलं न्हाईत?" ती म्हणाली, "तुमी चा न पेता घालवलासा त्यास्नी. म्हनायचं, गाडी झाली की जातो, मग इवाय काय बी बोलूंद्यात. त्या दिवशी गाडी झाली हुती, आबा. आईला न्यायलाच आलं हुतं."

मी उठून गोठ्यात गेलो.

पुढचा महिनाभर मला झोप आली नाही. डोळा लागायचा आणि घटकाभरात उघडायचा. शेवटी एक दिवस एसटीत बसलो आणि रहिमतपूरला गेलो. व्याही गाडीखाली होते. नेहमीचे दोन पाय बाहेर. त्या पायांजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, "इवाय, माझं चुकलं." खालून एक हात बाहेर आला. "चौदाचा पाना द्या." तिथं पाच-सहा पाने पडले होते, मी शिकलेला नाही, पण आकडे कळतात. दिला. काहीतरी करकचून आवळल्याचा आवाज झाला आणि ते बाहेर आले. माझ्याकडं न बघता हात पुसत म्हणाले, "माझं बी चुकलंय. पयल्यांदा ताठ केली ती वळनं बघून केली. आत बसनारं मानूस उद्या आजारी पडंल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई." मी म्हटलं, "तसं नव्हं इवाय, दुखनं आतलं हुतं. मला ठावं हुतं." हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. दोन महिने तो माणूस आपल्या स्प्रिंगांनी विहीणबाईंची पाठ मोडली असं धरून बसला होता.

लेकीनं जेवायला घातलं. नवं घर मी एकट्यानं बघितलं. मग व्याही म्हणाले, "चला, सोडतो घरला." मी पुढं बसायला गेलो तर त्यांनी मागलं डावं दार उघडलं. मी बसलो. गाडी निघाली. पहिला गतिरोधक येणार म्हणून मी सीट धरून ठेवली. तो कधी गेला ते कळलं नाही. दुसऱ्यालाही हात आवळले. वळण आलं, गाडी वळली, मी मात्र सरळच बसलेलो. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला सावलीत उभी होती, काचा खाली, इंजिन बंद. उन्हाची बाजू बदललेली. दोन्ही अंगांना ऊस, आणि व्याही डोक्यावर टॉवेल टाकून बांधावर बसलेले. किती वेळ बसले होते, देव जाणे. मी म्हटलं, "आवं, उठवायचं न्हाई का?" ते म्हणाले, "डोळा लागला हुता तुमचा. म्हनलं, निजूंद्यात."

मग उठून आले, टॉवेल झाडला. "निघायचं?"

मी म्हणालो, "थांबा जरा." ती झोप तिच्या वाट्याची होती. माझ्या तोंडानं मी ती तिची घालवली, आणि तिच्या जागेवर बसून मीच निजलो.