आधी मशीन बंद

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक छापील मोहीम करायची होती. विषय ज्याचा त्यानं निवडायचा, आणि त्यावर पोस्टर, पत्रक, स्टिकर असं सगळं तयार करून परीक्षकांपुढं मांडायचं. संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात बहुतेकांनी पाणी वाचवा, झाडं लावा असले विषय घेतले. मी मळणी मशीन घेतलं. सरांनी विचारलं, "हाच का?" मी म्हणाले, "आमच्याकडं अपघात होतात." घरातलं सांगितलं नाही.

घरातलं म्हणजे माझी काकू. मी चौथीत असताना तिचा उजवा हात मळणी मशीनमध्ये गेला. चार बोटं गेली. अंगठा आणि निम्मा तळवा राहिला. त्या दिवशी मला शेजारी नेऊन बसवलं होतं आणि ताटलीत पोहे दिले होते, एवढंच आठवतं. पुढं त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही. काकू डाव्या हातानं भाकरी थापायची, उजव्या तळव्यानं नुसती फिरवायची. भाकरी एका कडेला जाड व्हायची आणि ती भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची. बाहेर जायचं झालं की हात पदराखाली. इतकी वर्षं मी ते बघत आले, पण हे कसं झालं, असं एकदाही विचारलं नाही.

विचारायचं सोडून मी पोस्टरवर बांगड्या काढल्या.

काळ्या रंगावर हिरव्या काचेच्या चार बांगड्या, आत हात नाही. त्यातली एक तडकलेली. खाली बारीक अक्षरात, "एक क्षण पुरतो." सरांना फार आवडलं. "यात कन्सेप्ट आहे," म्हणाले, आणि मग ते पोस्टर घोटणं सुरू झालं. बांगड्या जरा वर घे. आता खाली रिकामं वाटतंय. हिरवा अंगावर येतोय, थोडा मार. अक्षर पातळ कर. 'क्ष'चं पोट भरतंय, दुसरा फॉन्ट बघ. तीन आठवडे मी त्या चार बांगड्या केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत होते. रूमवर जेवायला बसले की ताटातली वाटी मधोमध आहे का, ते बघायचे. डोळे चुरचुरायचे. प्रत्येक वेळी सर म्हणायचे, "जवळ आलीस, अजून थोडं." ते थोडं काही संपत नव्हतं.

छापायच्या आधी पोस्टर ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवायचं आणि ते काय म्हणतात ते लिहून आणायचं, असा नियम होता. बरेच जण ते हॉस्टेलवर बसूनच लिहून काढायचे. मीही काढलं असतं. पण फेब्रुवारी होता, गावाकडं हरभऱ्याची मळणी चालू होती, आणि मला दोन दिवस घरचं जेवण हवं होतं.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून जवळच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टरची गुंडाळी घेऊन एका शेतात गेले. मशीन जरा थांबलं होतं, सहा-सात बाया पाणी पीत बसल्या होत्या. मी पोस्टर उलगडून धरलं.

"बांगड्याचं दुकान काढून राह्यली का माय?" एकीनं विचारलं.

"भाव न्हाई लिव्हला," दुसरी म्हणाली.

मी हसले. कडेला एक म्हातारी बसली होती. तिनं पुढं होऊन तडकलेल्या बांगडीवर बोट ठेवलं. "असं चित्र दाखवत हिंडू नये बाई," ती म्हणाली. "चांगल्या घरच्या बाया बसल्यात इथं." तिच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

मळणीचं, हाताचं, अपघाताचं नाव कोणीच काढलं नाही. मग मीच समजावून सांगितलं. लहान पोराचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं, आणि मशीन चालू झाल्यावर उठून कामाला लागल्या. तीन आठवड्यांचं काम त्या धुळीत पाच मिनिटांत निकालात निघालं. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. घरी जाऊन पडावं, एवढंच वाटत होतं.

घरी आले, सगळं बाजेवर टाकलं आणि आडवी झाले. दुपारी उठले तर काकू माझी चित्रवही चाळत बसली होती. बांगड्यांची पानं तिनं उलटून टाकली. अगदी सुरुवातीला मी मशीनचं एक साधं चित्र काढलं होतं. सरांनी ते बाद केलं होतं. तिथं ती थांबली.

"हे मशीन कुन्या गावचं?"

"का गं?"

"बाई इथं कशी उभी राहीन? तोंड चुकीच्या बाजूला हाय याचं."

आणि तिनं पदराखालचा हात काढून कागदावर ठेवला. त्या अर्ध्या तळव्यानं ती दाखवू लागली. "बाई इथं राहती. काडाची कवळ अशी धरती, अशी टाकती. वाकली की हात इथून जातो. वरून न्हाई जात."

मी तिचा हात इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. कातडी गुळगुळीत होती, वापरून चकाकलेली. मी विचारलं, "काकू, तुझा कसा गेला?"

"शेवटची कवळ व्हती," ती म्हणाली. विचारायचीच वाट बघत असल्यासारखी लगेच बोलली. "सोयाबीनचा ढीग संपत आल्ता. सकाळधरनं उभ्या व्हतो. मशीनवाल्याला दुसऱ्याच्या शेतात जायचं व्हतं. तो म्हने जल्दी करा, जल्दी करा. काड तोंडात अडकलं. मी हातानं लोटलं. बस."

"खूप दुखलं?"

"तवा न्हाई. मंग लई दुखलं."

मी कामाचं बोलले. म्हटलं, "मी आता सरळ लिहिते, मशीनमध्ये हात घालू नका."

काकू चिडली. "मुद्दाम कोनी घालतं का गं? मला काय ठावं नव्हतं? दमलेला मानूस इचार करत न्हाई, त्याचा हात जातोच. मशीन बंद करा म्हनून लिव्ह."

"मग तू बंद का नाही केलं?"

"मी?" तिनं तळवा चित्रातल्या मशीनच्या तोंडाशी ठेवला. "मी इकडं, बंद करायचं तिकडं ट्रॅक्टरवर. ते मशीनवाल्याच्या हातात. तू बायांना कामून सांगून राह्यली? त्याला सांग."

चित्रवहीच्या शेवटच्या पानावर मी तिचं बोलणं लिहून घेतलं. इतके दिवस मी चुकीच्या माणसाशी बोलत होते. मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईला वाचायला वेळ कुठला, आणि वाचून तरी ती काय करणार?

कॉलेजात परत गेले आणि बांगड्या सोडल्याचं सांगितलं. नवं चित्र पाहून सर म्हणाले, "हे सरकारी पत्रकासारखं झालं गं." त्यात ट्रॅक्टरवरचा माणूस मान वळवून बघतोय आणि त्याचा हात बंद करायच्या दांड्यावर आहे. खाली मोठ्या अक्षरात, "अडकलं? आधी मशीन बंद." मी शेतातलं सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं, मान हलवली. "ठीक आहे. मग याच्यावर काम कर," म्हणाले. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. माणसाची मान किती वळवायची, दांडा ओळखू येतो का, प्रश्नचिन्ह अक्षराला चिकटतं का. एप्रिलमधली परीक्षा जवळ येत होती. वर्गात बसल्या बसल्या झोपेनं माझी मान खाली जायची.

छपाई जालन्याला एका प्रेसमध्ये होती. तिथं मशीन चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी पहिला कागद काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, "बेटा, ये 'बद' क्या है?"

मी बघितलं. "आधी मशीन बद." फाईल तयार करताना अनुस्वार कुठं तरी उडाला होता. दोन महिने तेच एक वाक्य बघत होते, आणि ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"हमारे में बद म्हणजे खराब," चाचा म्हणाले. "मशीनवाला खूश नहीं होगा."

मग त्यांनी 'बंद' या शब्दावर अंगठा फिरवला. तो मी लाल केला होता. "उन्हात लावनार ना हे? लाल टिकत न्हाई. दोन महिन्यांत उडून जाईल. काळं राहील."

"म्हणजे 'अडकलं, आधी मशीन' एवढंच राहील?"

"बराबर."

अनुस्वार बसवायला आणि शब्द काळा करायला पुन्हा एक फेरी. बसमध्ये जागा मिळाली नाही. उभ्यानं जाताना मी मधल्या दांड्याला कपाळ टेकून डोळे मिटले होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक माझी कच्च्या कामाची फाईल चाळत होते. बांगड्यांवर थांबले. "हे का सोडलं? हे किती सुंदर आहे." मी उत्तर पाठ केलं होतं: कोणासाठी, कशासाठी, कुठं. ते सोडून "बघणाऱ्यांना बांगड्यांचं दुकान वाटलं," एवढंच म्हणाले. ते हसले, सरही हसले. मार्क बेताचेच पडले. मी रूमवर गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

पुढं जालन्यातच बॅनरच्या दुकानात काम मिळालं. वाढदिवसाचे बॅनर, पुण्यस्मरणाचे बॅनर, एकाच चौकटीत तीस-तीस चेहरे. स्टिकरचा गठ्ठा माझ्या कॉटखाली पडून होता. फोन केला की काकू विचारायची, "ते मशीनवालं चिटकवलं का?" मी काही तरी सांगून वेळ मारून न्यायचे. शेवटी दसऱ्याच्या सुट्टीत गठ्ठा घेऊन गावी गेले. सोयाबीनची मळणी जोरात होती.

शेजारच्या गावातल्या एकानं नवीन मशीन घेतलं होतं. काकू माझ्याबरोबर आली. त्यानं स्टिकर उलटसुलट पाहिलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "माह्या मशीनीवर हे दिसलं तर लोक म्हनतील, हिनं कोनाचा तरी हात खाल्ला. आन हे चिटकनार बी न्हाई. तेल असतं, धूळ असती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी गठ्ठा पिशवीत घालायला लागले. मनातून सुटल्यासारखंच वाटलं.

काकू मशीनभोवती एक चक्कर मारून आली. "नवी मशीन, आन नाव कामून न्हाई टाकलं?"

"पेंटर मिळून न्हाई राह्यला मावशी."

"ही काढून देती की."

मी काकूकडं रागानं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. असं ठरलं, की मी मशीनच्या मोठ्या बाजूला "आई-बाबांचा आशीर्वाद" फुलापानांसकट रंगवून द्यायचं, आणि त्या बदल्यात ट्रॅक्टरवर बसलेल्याला दिसेल अशा बाजूला माझं वाक्य. घरात वडिलांच्या गुडघ्याच्या एक्स-रेची फिल्म होती. तिच्यात ब्लेडनं अक्षरं कापली आणि ती पत्र्यावर धरून ऑइलपेंट मारला. 'मशीन'च्या 'न'खाली रंग ओघळला. मी चिंधी घेऊन पुसून परत करायला लागले.

"वाचता येतं ना?" काकूनं विचारलं.

"येतं."

"मंग ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. आशीर्वादाला मात्र सबंध दिवस गेला. दोन्ही कडांना कमळं हवी होती, एक मोठं आणि एक लहान चालणार नव्हतं. संध्याकाळी माणसं येऊन बघून गेली आणि सगळ्यांनी कमळांचं कौतुक केलं.

दोन दिवसांनी तेच मशीन आमच्या शेतात आलं. ऊन चढलं होतं. काकू आणि मी बांधावर उभ्या होतो. ढीग अर्ध्याच्या खाली आला असेल, तेवढ्यात मशीनचा आवाज जड झाला, घशात काही अडकल्यासारखा. तोंडाशी असलेली बाई वाकली. मशीनवाल्यानं मान वर केली. त्यानं अक्षरांकडं बघितलं की काकूकडं, की नुसता आवाज ऐकला, मला सांगता येणार नाही. त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

एकदम सगळं शांत झालं. तो खाली उतरून काठीनं काड उपसायला लागला. बाया जागच्या जागी खाली बसल्या. एकीनं पाय लांब केले आणि डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"बरं झालं बंद पडलं," ती म्हणाली.

"पडलं न्हाई, केलं," काकू म्हणाली, आणि पाण्याची कळशी घेऊन त्यांच्याकडं गेली. मी बांधावरच आडवी झाले. कोणी काही विचारलं नाही.