धान्याच्या रांगेतली बाई

मंडळी, भुतंखेतं म्हटलं की मी हसणारा माणूस. वीस वर्षं सिनेमाची बॅनरं रंगवली. पडद्यावरची भुतंसुद्धा मीच रंगवायचो, मग भ्यायचं कुणाला? तरी हे सांगतो... पटलं तर बघा.

२००३ सालची गोष्ट. फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. कोल्हापुरात राजारामपुरीत माडीवर एक खोली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभरात माझ्याशी बोलणारा फक्त रेडिओ.

अशात गडहिंग्लजचे एक खानावळवाले अण्णा जुनं तैलचित्र घेऊन आले. कुणा गोऱ्या साहेबानं काढलेलं. दुष्काळात इंग्रज अधिकारी धान्य वाटतोय आणि समोर रांगेत गुटगुटीत, हसरी माणसं! दुष्काळात गुटगुटीत? विलायतेतल्या लोकांना दाखवायला काढलं असणार, की बघा, आमच्या राज्यात रयत किती सुखी. त्यातल्या एका बाईच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा उडाला होता.

"जेवणाच्या हॉलात लावायचं हाय पावणं," अण्णा म्हणाले. "बाई कशी भरल्या पोटाची दिसाय पायजे."

बॅनरवाल्याला हे शिकवायला नको. हिरॉइन कितीही वाळकी असो, आम्ही गाल फुगवून गुलाबी मारायचो. तसेच हिचेही गाल भरले. सकाळी बघतो तर गाल खोल गेलेले! रंग ओघळलेला नाही, पोपडा पडलेला नाही. पुन्हा भरले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच — आणि आता गळ्याची हाडंही दिसत होती. खोलीला आतून कडी, आत मी एकटाच. घाम फुटला, खरं सांगतो.

तिसऱ्यांदा ब्रश उचलला आणि लाज वाटली. उपाशी माणसांना हसायला लावणारा तो साहेब, आणि त्याचंच काम पुढं रेटणारा मी. ब्रश धुऊन ठेवला.

अण्णा आले आणि भडकले. "ही तर उपाशी दिसतीया की वो! हिच्यासमोर कोण जेवंल?"

"मी जेवतो," मी बोलून गेलो.

"मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच!" म्हणून ते निघून गेले.

बायको जेवणाआधी एक घास बाजूला काढायची. ती गेल्यावर मी ते सोडलं होतं. त्या दिवसापासून भाकरीचा घास चित्रासमोर ठेवायचा, मग जेवायचं, असं सुरू केलं. बोलायचोही त्या बाईशी... एकट्या माणसाला हसू नका.

दोन वर्षांनी एका दुपारी चित्र पुसताना हात थांबला. तिचे गाल जरासे भरले होते. रांगेतल्या इतरांसारखे गुलाबी नव्हेत, जेवून उठलेल्या माणसाचे असतात तसे. मी ब्रश लावला नव्हता, देवाशपथ. घास तर रोज तसाच राहायचा, संध्याकाळी तो मी गाईला घालायचो. मग गाल कशानं भरले, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.