चौथी ओळ

"चौथ्याचं नाव नको. नुसतं 'एक इसम' असं कोर."

विश्वासराव हे म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात खजूर होता. बी काढून त्यांनी टिश्यूवर ठेवली आणि कागद माझ्याकडं सरकवला. शुक्रवारची दुपार. कुवेतात, अबू हलीफातला त्यांचा समुद्राकडचा फ्लॅट. आमच्या गावची सहा माणसं सोफ्यावर, आणि मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसलेलो. कागदावर चार ओळी होत्या. पहिल्या तीन ओळींत नाव, बापाचं नाव, आडनाव आणि पुढं 'शहीद'. चौथी ओळ अशी: 'महारवाड्यातील एक इसम'.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर बोलणं सुरू झालं.

तो इसम माझा पणजोबा. त्याचं नाव धोंडी येसा.

मी म्हणालो, "दादा, नाव ठाऊक आहे मला."

"कुणाचं?"

"चौथ्याचं. माझा पणजा तो."

"असेल रे. पण पुरावा?"

हे काय प्रकरण ते आधी सांगतो. आमचं गाव साताऱ्याकडं. गावच्या चौकात इंग्रजांनी बसवलेला एक संगमरवरी दगड आहे. पहिल्या महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली चार परत आली नाहीत, एवढंच त्याच्यावर लिहिलंय. नावं नाहीत. गोऱ्याला आकडा पुरला. आठ वर्षांचा असताना मी त्या दगडाच्या चौथऱ्यावर बसून चिंचा खात होतो, तर एका म्हाताऱ्यानं काठीनं ढोसून मला उठवलं. "ऊठ. तुझ्या बापाचा दगुड हाय का?" बापाचा नव्हता. बापाच्या आज्याचा होता. पण तेव्हा मला कुठं माहीत! मी उठलो आणि चिंचा तिथंच टाकून पळालो.

आता गावच्या कुवेतातल्या लोकांनी ठरवलं, दगडाची डागडुजी करायची आणि खाली शहिदांच्या नावांची स्टीलची पाटी लावायची. पुढाकार विश्वासरावांचा. ते रिफायनरीत इंजिनिअर, इथं येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली. मी शुऐबातल्या एका वर्कशॉपमध्ये कोरायच्या मशीनवर आहे. आयटीआय करून आलो. इथली नोकरी विश्वासरावांनीच लावून दिली, आणि आमच्या वर्कशॉपला काम येतं त्यातलं बरंचसं त्यांच्या हातून येतं. काम म्हणजे व्हॉल्व्हचे टॅग. तेलाच्या पायपांवर जागोजागी व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येकाला स्टीलची एक छोटी पट्टी तारेनं बांधलेली असते. त्यावर त्याचा नंबर, लाइन, दाब. अशा पट्ट्या मी किती कोरल्या असतील, माझं मलाच ठाऊक नाही. त्यामुळं पाटीचं काम माझ्याकडंच येणार होतं. "तुझी तेवढीच गावसेवा," असं विश्वासराव सगळ्यांसमोर म्हणाले होते. मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं होतं. लाज वाटते आता.

पुरावा घरात होता. आम्ही त्याला 'चकती' म्हणायचो. बशीएवढी, काशाची, जड. लढाईत मेला त्याच्या घरी सरकारनं धाडलेली. तिच्यावर हातात त्रिशूळ धरलेली एक बाई आहे आणि पायाशी सिंह. आता असलं काही आमच्या वस्तीत आलं तर लोक त्याला काय समजणार? देवी! सिंहवाली देवी. पणजीनं ती देव्हाऱ्यात मांडली. रोज हळद, रोज कुंकू. बाया ओटी भरायला यायच्या. कडेला उठावाच्या अक्षरात एक नाव होतं, ते इंग्रजीत, वाचणार कोण? वर्षानुवर्षं कुंकवाचे थर चढून ते बुजूनही गेलं.

पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला. आज्यानं देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले, नदीत सोडायला. चकतीही भरली. तेव्हा पणजी दारात आडवी झाली. "बाकीचं समदं ने. ती न्हाय. ती देवी न्हाय, त्यो माझा नवरा हाय."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. टपाल्यानं सांगितलं होतं. पण बोलली नाही कधी. विधवा बाई, तिला कुंकू वर्ज्य. तिनं ते सगळं आयुष्यभर त्याला लावलं. देवी म्हणून का होईना, लावू तर देत होते.

हे बाप अजूनही सांगतो. 

मी भावाला फोन केला. त्यानं चिंच लावून चकती घासली आणि फोटो पाठवला. थर निघाले, नाव वर आलं. धोंडी येसा. आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली: तिच्यावर हुद्दा नाही. कर्नल असो की पाणक्या, चकती एकसारखी आणि नाव तेवढं वेगळं. विलायतेच्या सरकारला एवढं तरी सुचलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी फोटो दाखवला. विश्वासरावांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला, फोन शेजारच्याकडं दिला. तो फिरून माझ्याकडं आला.

"अरे, पण हा लढला कुठं? गावात म्हणतात, डोल्या उचलायचा. बेअरर. म्हणजे हमालच की."

"जखमी उचलायचा, दादा. तिथंच मेला, बसऱ्याला."

"ते ठीक आहे." मग आवाज खाली आणून, मला समजावल्यासारखं, "हे बघ. पाटी चौकात लागणार. ती तीन घरं मोठी आहेत. त्यांच्या ओळीला ओळ लावली की गावात उगाच कुरबूर. आणि आपण उल्लेख तर करतोय ना? तू आमचाच आहेस म्हणून मोकळं सांगतो."

तू आमचाच आहेस. च्यायला!  पुरावा मागितला, पुरावा दिला, आणि पुरावा मागायचं कारणच नव्हतं हे आता कळलं. मी "बरं" म्हणालो. हो, म्हणालो. चहाही प्यायलो.

घरी आलो आणि मला बसवेना. आमची बायको नर्स आहे, सकाळची ड्यूटी करून आलेली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कशाला अंगावर घेता? शंभर वर्षं नाव नव्हतं, काय अडलं? त्यांनी वर्कशॉपचं काम बंद केलं तर पोरांच्या शाळेचं काय?" तिचं चुकत नव्हतं. मी गाडीची किल्ली उचलली आणि उत्तरेचा रस्ता धरला. जहरा मागं पडलं, मग नुसती वाळू, विजेचे खांब, लांब कुठं उंट. आणखी थोडं गेलं की इराकची हद्द आणि पलीकडं बसरा. माझा पणजोबा बोटीनं इतक्या लांब येऊन मेला आणि त्याचा पणतू त्याच्यापासून दोन-अडीच तासांवर पंधरा वर्षं व्हॉल्व्हना नंबर लावतोय. बसऱ्यालाही त्या लढाईचं मोठं स्मारक आहे. मी वाचलंय त्याबद्दल. भिंतीवर गोऱ्यांची नावं, आणि आपल्या माणसांचे नुसते आकडे. अमुक पलटण, इतके. तिथं आकडा, गावच्या दगडावर आकडा. आता आपल्याच गावच्या माणसानं त्या आकड्याचा 'इसम' केला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी एकटाच बडबडत होतो. मग परत फिरलो.

शनिवारी ड्यूटी संपल्यावर मी पाटीचं काम मशीनवर घेतलं. घेतलं, खोटं कशाला बोलू? मालकाची परवानगी विश्वासरावांनीच काढली होती. तीनशे सोळा नंबरचं स्टील, खाऱ्या हवेतही गंजत नाही. वर गावाचं नाव कोरलं. पहिली ओळ झाली. दुसरी. तिसरी. शेजारच्या मशीनवर शाजी होता. केरळचा, माझ्याहून जुना कारागीर. हिंदी शाळेत शिकलेला, त्यामुळं अक्षरं लावून लावून वाचायचा त्याला छंद. माझ्या स्क्रीनवरची चौथी ओळ त्यानं वाचली.

"ये इसम क्या है?"

"आदमी."

"कौन आदमी? नाम नहीं है?"

"नाम है."

"नाम है तो लिखा क्यों नहीं?" आणि सरळ आपल्या कामाकडं वळत म्हणाला, "बिना नंबर का टॅग इन्स्पेक्टर पास नहीं करेगा, भाई."

तो गंमत करत नव्हता. आमच्या कामाचा तो नियमच आहे. एक व्हॉल्व्ह बिननंबराचा राहिला तर सगळी लाइन अडते. साहेब लोक टॉर्च घेऊन हिंडतात, पायपाखाली वाकून बघतात, आणि त्या साहेबांत विश्वासरावही असतात. एकदा त्यांनी माझे दोनशे टॅग परत पाठवले होते, कारण एकावर एक आकडा पुसट होता. लोखंडाच्या तोटीसाठी एवढा जीव टाकणारा माणूस. आणि माझ्या पणजोबाला 'एक इसम'!

मी मशीन थांबवलं.  राग आला होता. विश्वासरावांवर होताच, पण जास्त माझ्यावर. त्या "बरं"वर, त्या चहावर. काठीनं ढोसल्यावर चिंचा टाकून पळालेलं ते पोर पंचेचाळीस वर्षांचं झालं तरी अजून पळतंच होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ड्रॉइंगमध्ये एखाद्या जागी माहिती अपुरी असली की त्या जागेभोवती लाल पेननं ढग काढायचा आणि आत लिहायचं 'होल्ड'. त्याचा अर्थ, माहिती पुरी होत नाही तोवर हे काम होणार नाही. कुणाचा बाप आला तरी. मी विश्वासरावांचा कागद काढला. चौथ्या ओळीभोवती ढग काढला. होल्ड. खाली सही आणि तारीख. फोटो काढला आणि आमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये निम्मे लोक प्लांटवर काम करणारे, समजावून सांगायची गरज नव्हती.

पाच मिनिटांत फोन.

"काय लावलंयस हे?"

"होल्ड."

"होल्ड मी लावतो. तू कोरायचं."

"माहिती अपुरी असली की मीपण लावतो, दादा."

"तुला इकडं आणला कुणी?"

"तुम्ही."

"उद्या तुझ्या मालकाला एक फोन केला तर?"

"करा."

 मग त्यांचा आवाज एकदम मऊ. "बरं, असं कर. चौथी ओळच काढ. तिघांचीच पाटी दे, विषय संपला."

"दगडावर चार लिहिलंय," मी म्हणालो. "चौथा कोण, हे वाचणारा विचारणारच."

त्यांनी फोन ठेवला. रात्र व्हायच्या आत मला ग्रुपमधून काढलं होतं. एकानंही खासगीत मेसेज केला नाही. सोफ्यावर बसलेल्या त्या सहांपैकी दोघांच्या आयांना पाणी नेऊन द्यायचं काम माझ्या आईनं केलंय, त्या आजारी असताना. ते राहू दे.

त्याच संध्याकाळी मी चौथी ओळ कोरली. अक्षर तेवढंच, खोली तेवढीच. धोंडी येसा. पुढं 'शहीद'. डोली उचलताना मेला तोही मेलाच. त्याच्या खांद्यावरच्या जखमीची जात त्यानं विचारली नसणार आणि त्या जखमीनंही नाही. शाजीनं अक्षरांत काळा रंग भरायला मदत केली. मोठ्यानं वाचून दाखवलं त्यानं, चारही नावं. त्याच्या तोंडून पणजोबाचं नाव जरा वाकडंतिकडं आलं, पण आलं. कुणाच्या तरी तोंडून ते मी पहिल्यांदाच घराबाहेर ऐकत होतो.

विश्वासरावांनी पाटी नेली नाही. ती आमच्या पलंगाखाली आहे. वर्कशॉपला त्यांच्याकडून येणारं काम महिनाभरात आटलं. मालकानं एकदा विचारलं, "तुझं त्या साहेबाशी काय झालं?" मी खरं ते सांगितलं. तो इजिप्तचा माणूस, त्याला जातीचं काही कळलं नाही, पण नावाचं कळलं. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अजून शाबूत आहे. पुढं राहील का, सांगता येत नाही. बायकोनं तिच्या पगारावर घर कसं चालेल ते कागदावर मांडून ठेवलंय. मला दाखवलं नाही, मला ते तिच्या पर्समध्ये दिसलं.

सुट्टीत गावी जातोय. तिकिटं काढलीत. परवा बायको म्हणाली, "ही पाटी बॅगेत मावायची नाही."

"मग माझे कपडे काढ."

तिनं काढले.

भावाला ड्रिल मशीन आणून ठेवायला सांगितलंय. चार बोल्ट, चार भोकं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चौकात. बापाला खुर्ची टाकून बसवणार, त्याच चौथऱ्यावर. चकती त्याच्या मांडीवर. ग्रामपंचायतीला अर्ज देणार, पण उत्तराची वाट बघणार नाही. कुणी काठी घेऊन आलं तर येऊ दे. या वेळी मी उठणार नाही.

आणि मी गेल्यावर ते पाटी उखडतील, हे मला सांगायला नको. खुशाल उखडा. फक्त चारही नावं मी एकाच पत्र्यावर कोरलीत. माझा पणजा काढायचा तर तुमचे तिघं आधी स्वतःच्या हातानं काढावे लागतील.