पेटीची ओटी

भ्रूण गोठवून ठेवायला आमच्याकडे टाकी आहे. किस्से ठेवायला काहीच नाही, त्यामुळे ते साचत जातात आणि मैत्रिणी चहाला जमल्या की भडाभडा बाहेर पडतात! नावं बदललीयेत बरं का, मला अजून परभणीत राहायचंय.

मी इथल्या एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात लॅब सांभाळते. नवऱ्याचे शुक्राणू फारच कमी असले की त्यातला एक धडधाकट निवडायचा, बारीक काचेच्या सुईत घ्यायचा आणि बायकोच्या बीजात सोडायचा. याला इक्सी म्हणतात. माझी आई शेजारणींना एवढंच सांगते, "आमची पोरगी रक्त तपासती!"

०००

पुरुषांना सँपल द्यायला वेगळी खोली आहे. एकदा एक एसटीतले मेकॅनिक आत गेले ते बाहेरच येईनात. सिस्टर दार वाजवून दमली. शेवटी आले, घामाघूम, आणि डबी रिकामी!

"काय झालं दादा?"

"मॅडम, पंखा कुरकुर करायलता. मन लागंना. खोलून नीट केला बघा. ते दुसरं काम उद्या करू."

पंखा अजून झकास चालतोय.

०००

वेटिंगमध्ये गंगाखेडचे दोन साडू समोरासमोर आले. दोघंही घरी थाप मारून आलेले.

"तुमी हितं कसे?"

"दाढ दुखायलीय. तुमी?"

"माझीबी दाढच!"

दोघं गाल धरून शेजारी बसले. तेवढ्यात सिस्टरनं पहिल्याचं नाव पुकारलं, "चला, सँपलची डबी घ्या!"

तो बिचारा खुर्चीतच गोठला. दुसरा शांतपणे म्हणाला, "जाऊन या. माझीबी तीच दाढ हाय."

०००

आता वालूरची मंडळी. शिवराजचं किराणा दुकान. बायको महानंदा. आणि आई गंगाबाई, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आवाज खणखणीत. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. गावात ओटी भरायची वेळ आली की बायका महानंदाला वगळून पुढे जायच्या. पोरीनं मान वर करून बोलायचंच सोडलं होतं. असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं!

गंगाबाईंनी आल्या आल्या फर्मान काढलं, "सुनेला तपासा."

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. सून ठणठणीत. कमतरता लेकाच्या शुक्राणूंमध्ये.

"काहीतरीच! माझं लेकरू साखरेचं पोतं एकट्यानं उचलतंय!"

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "पोतं पाठीनं उचलतात."

जाताना गंगाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "ही गोष्ट हितल्या हितंच ऱ्हाऊ द्या. गावात माझ्या लेकाची इज्जत हाय." सुनेच्या इज्जतीचं कुणी नावही काढलं नाही. महानंदा शेजारीच उभी होती.

०००

इक्सीच्या दिवशी शिवराज पार गळाठला होता. "एका बीजाला किती लागतात मॅडम?"

"एकच."

"एकच? मंग मी उगंच रडायलो व्हतो का!"

माझ्या मायक्रोस्कोपचं चित्र बाहेरच्या स्क्रीनवर दिसतं. झालं! गडी काचेला नाक लावून हातवारे करायला लागला. त्यो नको, त्यो वळवळत न्हाई. त्यो बघा, कोपऱ्यातला, लय चपळ हाय. निवडून घ्या, निवडून! दुकानात निवडानिवडी करणाऱ्या गिऱ्हाइकांवर दिवसभर खेकसणारा माणूस हा!

०००

भ्रूण इनक्युबेटरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी गंगाबाई नारळ, तांदूळ, हिरवा खण आणि उदबत्ती घेऊन हजर. "माझं नातवंड त्या पेटीत हाय. पेटीची ओटी भरायची!"

"मावशी, आत धूर चालत नाही, अत्तरसुद्धा चालत नाही. भ्रूणांना बाधतं."

"मंग तुमची भरते. पेटी तुमीच सांभाळता की!"

"अहो, माझं लग्न नाही झालेलं!"

"ते बी व्हईल. बसा खाली!"

आमचे डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मेल्यांनी फोटो काढला!

०००

महानंदाला दिवस राहिले. मुलगी झाली, गोरीपान, आजीसारख्याच आवाजाची. बारशाला मलाही वालूरला बोलावलं.

मांडव बायकांनी भरलेला. पाळणा म्हणून झाला आणि पेडगावहून आलेल्या त्यांच्या नात्यातल्या पार्वतीकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "चला, एकदाचा सुनेतला दोष गेला बाई!"

महानंदाची मान परत खाली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पेशंटचं गुपित, मी कशी बोलणार? हात चोळत बसले.

गंगाबाईंनी पाळण्याची दोरी सोडली. "पार्वते, सुनेत दोष कवाच नव्हता. कमी माझ्या लेकात होती. दवाखान्यात त्याच्यावरच इलाज केला. मी इतके दिस तोंड शिवून बसले, चुकलं माझं. समद्यांनी ऐका!"

शिवराज लाडू वाढत होता. कानापर्यंत लाल झाला, ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, "आई म्हणती ते खरं हाय."

महानंदानं मान वर केली. मी तर रडलेच, खोटं कशाला सांगू!

पुढच्या सोमवारी दवाखाना उघडला, तर दारात पार्वतीकाकू. मिशांना पीळ दिलेल्या धिप्पाड लेकाचं मनगट घट्ट धरून.

सिस्टरनं विचारलं, "सून कुठंय?"

"ती कशाला? ती घरी आराम करायली. ह्याला घ्या आत!"