जखमेचा बिल्ला

सूर्यभानच्या अकोल्याच्या घड्याळदुकानात एक नियम होता: जुना बिल्ला कोणी घासायचा नाही. चिंच लावून लखलखीत केलेलं पितळ कोणी पुढ्यात ठेवलं, की डोळ्याचं भिंग काढून तो म्हणे, "चामडी सोलून आनली तुमी याची. आता कसं सांगू मी, कोन होता हा?"

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन फौजेचे बिल्ले जमवणं हा त्याचा नाद. जुन्या शिपायांच्या घरून, भंगारातून ते त्याच्याकडे येत. तो पाठ बघे, मागची टाचणी बघे, तळहातावर वजन जोखे. नकली, ओतीव बिल्ल्याच्या रेषा सुजलेल्या. खरा ठोकून काढलेला, त्याच्या रेषा धारदार. नकलेवर तो असा चिडे, जणू कोणी त्याच्या बापालाच खोटं म्हटलं.

कारण पहिला बिल्ला बापाचा. तेल्हाऱ्याकडचा तो माणूस इंग्रजांच्या फौजेतून इटलीत लढला, मांडीत गोळी घेऊन परतला आणि जन्मभर काळ्या मातीत लंगडत औतामागे चालला. सोबत एवढंच आणलं होतं: काळा रंग दिलेलं पितळ, दोन तलवारींवर लोखंडी टोप, टोपावर तिरपं स्वस्तिक. बाप सांगे, "जखमेचा बिल्ला आहे हा. त्यायच्या शिपायाले गोळी लागली का देत. ज्याचा हा, त्या पोरानं मले मारली, त्याले म्या. हा त्याच्या छातीवर आधीचाच होता. घायाळ पोराले घरी नाही धाडलं त्यायनं. पितळ देल्लं अन् पुन्हा उभं केलं."

यंदा दसऱ्याला लेक प्रणाली आली, जावई शिवमराव आले. अमरावतीत त्यांचा कोचिंग क्लास जोरात चालतो. सूर्यभान देवळातून परतला, तर पाटावर शस्त्रपूजा मांडलेली: विळा, कुऱ्हाड, दुकानातले पेचकस, आणि मधोमध झेंडूच्या फुलाखाली, हळदकुंकवानं माखलेला बापाचा बिल्ला.

"कपाटातून मीच काढला, मामाजी," जावई हसून म्हणाले. "आपलंच स्वस्तिक आहे. काय लोक होते ते. शिस्त म्हंजे शिस्त. मले द्या, फ्रेम करून क्लासात लावतो. पोरं सरळ होतीन."

सणाच्या दिवशी जावयानं तोंड उघडलं, तर सासऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. वच्छलानं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "देऊन टाका. पेटीभर पडले आहेत तुमच्यापाशी."

"पेटी मागतली असती तरी नसती देल्ली."

"काहून? जवाईबापू आहेत ते."

"त्या शिस्तीनं माह्या बापाले लंगडा केलं. त्याले कुकू लावून राहिले ते, माह्याच घरात."

त्यानं बरणीतली चिंच घेतली, पाटावरचा बिल्ला उचलला आणि अंगणातल्या नळाखाली बसून घासायला लागला. खाचांतलं कुंकू सुटेना. इतकी वर्षं जपलेला काळा रंग मात्र सुटत होता.

"बाबा, काय करून राहिले? तुमीच त घासू नका म्हनता," प्रणाली म्हणाली.

"घासू नये. पन कुकूही राहू नये."

जावई ओट्यावर येऊन उभे राहिले. "एवढं काय झालं, मामाजी?"

"तुमाले काही झालंच नाही वाटते, म्हनून देत नाही," सूर्यभान मान वर न करता म्हणाला. "आपलं स्वस्तिक दारात काढतो आपन, घरात चांगलं यावं म्हनून. यायनं हे घेऊन दुसऱ्याच्या घरातून लेकरं ओढून काढले अन् मारले. शिस्तीनंच मारले, बापू. पोराइले वेळेची शिस्त शिकवाची असन त भिंतीवरचं माहं घड्याळ न्या. चाबीचं आहे, चुकत नाही."

वच्छलानं कपाळाला हात लावला. संध्याकाळी निघताना मात्र घड्याळ जावयांच्या काखेत होतं; सणाला रिकाम्या हातानं कसं जायचं.

बिल्ला पिवळाफटक पडला. आता कोणीही जाणकार तो हातात घेऊन नाक मुरडील. सूर्यभाननं तो पुसला, डोळ्याला भिंग लावलं आणि खिडकीशी धरून खाच न् खाच बघितली, लाल काही राहिलं का.